शेंड्यावरचे फळ

"'चित्रं अप्रतिम. पण करायचं काय? पाच मिनिटं शेजाऱ्याच्या अंगणात चोरासारखा फिरलो आणि रिकाम्या हाताने परत आलो,'" चिझुरूने खेळाडूचा अभिप्राय वाचून दाखवला. खोलीत थोडा हशा पिकला.

"पुढचा," प्रमुख ओगाता म्हणाले.

"'दगड मारून मारून बोटं दुखली. शेंड्यावरचं फळ पडत का नाही? खेळ बनवणारे झोपलेत काय?' बाकीचेही सगळे हेच विचारतायत, ओगातासाहेब. फळाचंच."

त्यांच्या व्हिडिओ गेममधला मुख्य खेळ जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून मिळणारा तो एक छोटासा जादा टप्पा होता. त्यात शत्रू नव्हता, शर्यत नव्हती. सरत्या शरदातील मावळतीचे एक खेड्यातले अंगण, पाने गळून गेलेले पर्सिमनचे झाड, आणि त्याच्या अगदी शेंड्यावर टोमॅटोएवढे एकच केशरी फळ. क्योतोतल्या या लहानशा कंपनीची चित्रकला कुठवर पोहोचली आहे हे लोकांनी पाहावे, एवढाच त्यामागचा हेतू.

ते अंगण कंपनीतले चित्रकार कुरामोची हारुहिको यांनी एकट्याने रचले होते. वसंतात ते वारले. पाऊल पडताच तिथला पाचोळा सरके, दगड लागताच मडके फुटे; फळ तेवढे जागचे हलत नसे. तेवढे काम अपुरे राहिले, असेच सर्वांनी धरले होते.

"आपण पुरं करू या," ओगाता हळू आवाजात म्हणाले. "दगड लागला की फळ पडावं, खेळाडूला मिळावं. आज जमेल?"

"झालंय," चिझुरू म्हणाली. "फक्त लोकांकडे पाठवायचं राहिलंय."

पडद्यावर प्रकाश कसा उतरवावा, हे चिझुरूला हारुहिकोंनीच शिकवले होते. गुरूचे राहिलेले काम आपल्या हातून पुरे होत आहे, याचे तिला मनोमन समाधान होते.

तेवढ्यात दारात हारुहिकोंचे वडील, वृद्ध तोकुजी, येऊन उभे राहिले. मुलाचे सामान न्यायला ते गावाहून आले होते. कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी एक पुडके मेजावर ठेवले.

"हारुहिको दरवर्षी घरची वाळवलेली फळं आणायचा तुमच्यासाठी. यंदा मिठाई आणलीय. दुकानातली आहे. माफ करा."

"बाबा, त्यांनी केलेलं अंगण बघता का?" ओगातांनी विचारले.

तोकुजींनी टोपी काढली आणि ते पडद्यासमोर बसले. चिझुरूने हातात दिलेला कंट्रोलर त्यांनी चहाचा वाडगा धरावा तसा तळव्यांत धरला. एकही बटण त्यांनी दाबले नाही. बटण दाबेल तसा चालणारा पडद्यावरचा मुलगा झाडाखाली नुसता उभा राहिला.

"हे आमचंच घर," ते म्हणाले. "पायरीसुद्धा मोडकीच ठेवलीय गाढवाने. दुरुस्त करा, दुरुस्त करा म्हणून माझ्याच मागे लागायचा." त्यांची नजर वर गेली. "झाड मात्र आता नाही. गावात माणसं उरली नाहीत, फळांसाठी अस्वलं उतरायला लागली. कचेरीवाले म्हणाले, फळझाडं काढून टाका. उन्हाळ्यात तोडलं मी. हा असता, तर तोडू दिलं नसतं."

चिझुरू पुढे झाली. ती समजावत म्हणाली, "बाबा, ते वरचं फळ तेवढं त्यांचं राहून गेलं होतं. आम्ही आज पुरं करतोय. आता दगड मारला की पडेल."

म्हातारा वळला. "का पाडायचं?"

"लोकांना हवंय."

"पोरी, सगळी उतरवायची आणि शेवटचं एक ठेवायचं. तो झाडाचा राखणदार. मग बर्फ पडला की उपाशी पाखरं येतात. ते त्यांचं. हा लहान असताना चढला होता एकदा त्या फळापायी. उतरवून थोबाडीत दिली होती मी." ते पडद्याकडे पाहत राहिले. "विसरला नाही."

चिझुरूने मान खाली घातली.

"तिथं बर्फ कधी पडतो?" तोकुजींनी विचारले.

"नाही पडत, बाबा. तिथं कायम हीच संध्याकाळ असते."

तोकुजींनी सावकाश मान हलवली. "मग पाखरांची वेळ व्हायचीय अजून."

त्यांनी कंट्रोलर जपून मेजावर ठेवला आणि सामानाचे खोके छातीशी धरले. जाताना ते पुन्हा वाकले, ते माणसांकडे पाहून की पडद्याकडे, हे कळले नाही.

दार लागल्यावर ओगाता खिडकीशी गेले.

"पाठवू नकोस," ते म्हणाले. "पण लोकांना काय सांगणार आहेस?"

चिझुरूने सर्व खेळाडूंना दिसेल असे उत्तर लिहिले: 'तो दोष नाही. ते फळ पाखरांसाठी ठेवले आहे.'

दिवे लागायच्या सुमारास त्याखाली पहिला अभिप्राय उमटला.

'पाखरांसाठी? म्हणून तासभर कशाला हात न लावता झाडाखाली उभा राहिलो. एकही आलं नाही. उद्या पुन्हा येऊन उभा राहतो.'