कस्टर्डची दुसरी वाटी

“डबकं दिसत होतं ना समोर? मग पाय घातलातच कसा?” राजवाड्याच्या दारात छत्री मिटता मिटता माई कडाडल्या. अप्पा आपल्या ओल्या बुटाकडे बघत गप्प राहिले. लग्नाला चाळीस वर्षं झाली की नवऱ्याला गप्प कधी राहायचं ते बरोबर कळतं.

खरं तर हे शहर बघायला ते आलेच नव्हते. इथल्या मोठ्या इस्पितळात परवा अप्पांच्या पोटातला तुकडा काढून तपासायला दिला होता आणि रिपोर्ट आज कधीतरी कळायचा होता. लॉजची खोली सकाळीच सोडावी लागली. बाकड्यावर जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा गाव तरी बघू, असं अप्पांनीच काढलं. पाऊस मात्र त्यांना विचारून आला नव्हता.

मग सुरू झाली ती पायपीट. तटबंदी झाली, तोफा झाल्या, कुठल्याशा राणीचं न्हाणीघर झालं. अप्पा प्रत्येक पाटी वाचत आणि माई त्यांना प्रत्येक पाटीपासून पुढे हाकत. “मफलर कानावर घ्या.” “पायरीवर शेवाळ आहे.” “भिंतीला टेकू नका, ओल आहे.” आता दोघांच्याही पायांचे तुकडे पडले होते. राजवाड्यातल्या तलवारींची हौस कुणालाच उरली नव्हती, पण आत निदान कोरडं होतं.

तिथेच माईंचा फोन वाजला. अप्पांना फोनवरचं धड ऐकू येत नसे, म्हणून इस्पितळात नंबर माईंचाच दिला होता. माई खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या.

“कुणाचा?”

“धाकटीचा. पाऊस आहे का, विचारत होती.”

“आणि रिपोर्टचं?”

“कळवतील की. चला, जेवून घेऊ.”

समोरच्याच हॉटेलात खिडकीजवळ टेबल मिळालं. अप्पांनी सूपमध्ये मीठ घातलं. थोडं थांबून आणखी घातलं. एरवी मीठदाणी त्यांच्या हाताला लागू न देणाऱ्या माई बाहेरचा पाऊस बघत होत्या. मग अप्पांनी हिंमत करून दोन कस्टर्ड मागवली. मधुमेह निघाल्यापासून घरात गोडाचं नाव काढायची सोय नव्हती. बोलणी खायची तयारी ठेवून त्यांनी चोरासारखा पहिला चमचा तोंडात घातला. बोलणी आलीच नाहीत.

वाटी संपली. माईंनी आपली वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आवडतं ना.”

आवाज फार मऊ होता. अप्पांनी चमचा खाली ठेवला.

“धाकटीचा फोन नव्हता तो,” ते म्हणाले.

माई पाणी प्यायल्या.

“घरी गेल्यावर सांगणार होते.”

“ऑपरेशन?”

“आता त्याचा उपयोग नाही म्हणाले.”

अप्पांनी मान डोलावली, एखाद्या दुसऱ्याच माणसाची बातमी ऐकल्यासारखी. वेटर येऊन सूपचे बाऊल उचलून घेऊन गेला. मग अप्पांनी ती भरलेली वाटी हळूच माईंकडे परत सरकवली.

“अगं, रागव की मला,” ते म्हणाले. “तू अशी गोड वागायला लागलीस तर मला फार भीती वाटेल.”

माईंनी रुमालाने नाक पुसलं. आधी वाटीकडे बघितलं, मग अप्पांकडे.

“सूपमध्ये दोनदा मीठ घातलंत,” त्या म्हणाल्या. आवाज फाटत होता. “मी काय आंधळी आहे? वर आणखी हे गोड! एवढं वय झालं तरी जिभेवर ताबा म्हणून नाही. आणि शर्टावर सांडलंय ते कोण धुणार? मीच ना?”

अप्पा खुर्चीत मागे टेकून बसले.

“अजून बोल,” ते म्हणाले.