उसवलेली पँट

आईबरोबर शलाकाला पाहायला गेलो आणि दिवाणावर बसताना माझी पँट मागून टर्रकन उसवली. सगळ्यांनी सभ्यपणे पंख्याकडे पाहिलं.

थोड्याच वेळात मी तिच्या बाबांच्या लुंगीत पोहे खात होतो आणि बाबा शिलाई मशीनवर माझी पँट शिवत होते.

"टेलरनं शिवणीत माया ठेवलीच नाही हो," ते म्हणाले. दोऱ्याचा रंग जुळेना म्हणून शलाकानं त्यांना रीळ बदलायला लावलं. माझ्या पँटसाठी आजवर कुणी इतकं केलं नव्हतं.

स्थळ हातचं गेलं असं धरून मी पँट चढवली, मनापासून आभार मानले आणि दाराकडे वळलो.

"थांबा," शलाका मापाची टेप घेऊन आली. "हात वर करा. लग्नाचा कोट घरीच शिवू."

मी हात वर केले. ब्लाउजच्या आशेनं आईनंही केले.