मेणाचा नवरा

माउलीच्या चर्चबाहेर पावलीनने मेणाची मान मागितली. दुखणारा अवयव मेणाचा आणून माउलीला वाहायची तिथे रीत आहे.

"कशानं धरली मान, बाय?" दुकानवालीने विचारलं.

"टेन्शननं. ईस्टरपासून ह्यांचा अबोला." शेजारी नवरा गप्प उभा होता.

"मग मान कशाला? अख्खा पुरुषच वाहून टाक!"

पावलीनने मेणाचा पुरुष वेदीपाशी ठेवला आणि डोळे मिटले. "माउली, ह्यांना आता तूच सांभाळ. माझ्याच्यानं होत नाही."

नवऱ्याने वाकून पुतळा नीट न्याहाळला. "माझं पोट एवढं नाही," तो म्हणाला.

"आहे!" पावलीनने गर्रकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

बस येईपर्यंत दोघं पोटावरच बोलत होती. मान दुखायची थांबली आहे, हे तिच्या लक्षातच आलं नाही.