आभाराचं पान

प्राध्यापकांच्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण टाईप करताना त्यांच्या बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्या कादंबऱ्यांतल्या दासींवर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती: "आयुष्यभर राबलेल्या बाईला लेखकाने साधं नावही देऊ नये, हा नैतिक गुन्हा आहे." मुद्दा मुळात तिचाच होता, भाजी निवडताना तीच एकदा तावातावाने बोलली होती. "आभाराचं पान तेवढं राहिलंय," प्राध्यापकांनी आरामखुर्चीतून फर्मावलं, "घे लिहून." ग्रंथपालाचं, मुखपृष्ठकाराचं, अगदी चष्मेवाल्याचंसुद्धा नाव आलं. सर्वांत शेवटी, "टंकलेखनाबद्दल सौ.चेही आभार." तिची बोटं कीबोर्डवर थांबली. "अहो, माझं नाव?" "घरच्या माणसाचं कसलं आलंय नाव? पाठव आता प्रकाशकाला." 'बरं' म्हणून तिने पहिलं पान उघडलं, त्यांचं पदव्यांसकट नाव पुसलं, तिथे 'लेखक: सौ.चा नवरा' असं ठळक अक्षरांत टाईप केलं आणि फाईल पाठवून दिली.