चोवीस गुंठ्यांचं गणित

हैबतराव वर्गात शिरले ते दार न वाजवता. शाळेला जागा देणारा माणूस दार वाजवत नसतो. पायातल्या चपलाही त्यांनी बाहेर काढल्या नाहीत. फळ्यासमोर उभ्या असलेल्या सोनियाच्या हातात नववीच्या चाचणीचा गठ्ठा होता आणि गुण ऐकून वर्ग आधीच तिच्यावर खवळलेला होता.

“शिकाऊ बाई त्या तुमीच न्हवं?”

“मी सोनिया. बी.एड.ची...”

“तेच ते. आमच्या रेश्मानं कुटलं गणित सोडवलंय, ते दावा.”

सोनियाचा पाठ बघायला मागच्या बाकावर बसलेले मुख्याध्यापक अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. तिच्या इंटर्नशिपच्या अहवालावर आज त्यांची सही व्हायची होती. ती झाली नाही तर वर्ष गेलं पाण्यात.

गणित म्हणाल तर अगदी पोरखेळ. परिसरातली उदाहरणं घ्या, असं कॉलेजात घोकून घेतलेलं, म्हणून हिनं जमीन घेतली. वडिलांची चोवीस गुंठे जमीन. एक मुलगा, दोन मुली. तिघांत समान वाटणी केली, तर प्रत्येकाला किती? दोन गुण फुकटचे, असं बिचारीला वाटलं होतं. आणि अख्ख्या वर्गानं भावाला चोवीस देऊन बहिणींना शून्य दिलं! एकानं तर बहिणींपुढे ‘साडीचोळी’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आठ-आठ-आठ लिहिणारी एकटी रेश्मा. तेवढे दोन गुण तिलाच मिळाले.

“आण्णा, मलाबी भोपळा दिलाय,” किशोर उभा राहून म्हणाला. हा रेश्माचा थोरला भाऊ, नापास होऊन बहिणीच्याच वर्गात बसलेला. “बाई म्हन्त्यात, समान वाटणी लिवलंय ते दिसलं न्हाई का. आता समानच तर केली की. दोगी बहिनींना सारखंच शून्य!”

वर्ग खदाखदा हसला.

“ए, गप बसा रं!” हैबतराव ओरडले. मग सोनियाकडे वळले. “ही पोरगी घरी येऊन काय करतीया, ठाव हाय का? माझी बहीन तुळजाबाई शनिवारी पौडच्या कचेरीत वाटा सोडल्याची सही करणार हुती. धरणाकडंची जमीन हाय, रिसॉर्टवाला खोळंबलाय. तर ही शहाणी आत्याम्होरं बसून बोटावर वाटण्या करून दावतीया. आता तुळजा म्हन्ती, मी सही करत न्हाई जा. तुमच्या एका गणितानं माझं घर फोडलं बाई!”

“प्रश्नात समान वाटणी असं स्पष्ट लिहिलंय, काका.” सोनियाचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच संताप आला. “उत्तर आठच येतं. त्याला मी काय करू?”

“मॅडम, कशाला एवढं ताणायचं?” मुख्याध्यापक मागून म्हणाले. “प्रश्नच रद्द करू ना. सगळ्यांना दोन-दोन गुण देऊन टाका.”

“रद्द न्हाई,” हैबतराव म्हणाले. “हिचं चुकलं म्हनून लिवा. हितं, समद्यांच्या देखत.”

“नाही लिहिणार.”

हैबतराव टेबलापाशी आले. त्यांनी आवाज खाली आणला, आणि त्या ओरडण्यापेक्षा हा आवाज वाईट होता.

“तुमी जांबे गावच्या न्हवं? तुमचा भाऊ वळखीचा हाय माझ्या. कंपन्यांच्या पोरांसाटनं चार मजले ठोकल्यात, खोल्या भाड्यानं देतोय. ती जागा तुमच्या बापाची न्हवं? त्यात तुमचं किती?”

सोनिया हातातला गठ्ठा टेबलावर नीट लावू लागली.

“इचारतोय मी. हक्क सोडला म्हनून सही केली का न्हाई?”

“केली.”

“आन् मिळालं काय?”

“साडी!” मागून कुणीतरी परस्पर उत्तर दिलं आणि वर्गात हशा उसळला. पोरं बाकं बडवायला लागली. मुलीसुद्धा हसल्या. पोरांचं हसणं तिनं महिनाभर पचवलं होतं, मुलींचं मात्र काळजात गेलं. उत्तर बरोबर होतं. साडीच मिळाली होती.

तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. भावाचा आला, या चपला घालून उभ्या असलेल्या माणसाचा आला, आणि का कोण जाणे, सगळ्यात जास्त रेश्माचा आला. पेपर सोडवायचा सोडून आत्याला शिकवायला हिला सांगितलं होतं कुणी? तिनं गठ्ठ्यातून रेश्माचा पेपर ओढला, आठावर लाल फुली मारली, दोनाचं शून्य केलं. करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ते केलं.

“आता कसं!” हैबतराव म्हणाले. मुख्याध्यापकांनी खिशातलं पेन काढलं आणि अहवाल पुढ्यात ओढला. “रेश्मा, हिकडं ये. पेपर घे आन् जाऊन आत्याला दाव.”

रेश्मा आली. मघाशी वर्गात न हसलेली तीच एक होती. तिनं पेपर हातात घेतला, फुलीकडे बघितलं. बापाकडे तिनं मान वळवली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “सही तुमी केली. मग उत्तर माझं कसं चुकलं?”

महिनाभरात पहिल्यांदाच अख्खा वर्ग गप्प बसून बाईंच्या उत्तराची वाट बघत होता.