गादीसमोरचा शब्द

“काय करायचं या काळियाचं? यमुनेत राहू द्यायचं की हाकलायचं?” कीर्तनाला उभ्या राहिलेल्या शर्वाणीने झांज उंच धरून विचारलं.

“हाकला!” दुबईतल्या अल मनखूलच्या त्या हॉलमध्ये असा आवाज उसळला की तबलजीचा ठेका चुकला. “यल्ला, चला, हाकला!” मागून कुणीतरी ओरडलं. तिची लेक ओवी खुर्चीवर उभी राहिली. “किक हिम आउट, मम्मा!” हशा पिकला. गोकुळाष्टमीचं कीर्तन असं रंगलं होतं की देवालाही हसू यावं. सगळ्यांत मोठ्याने ओरडले होते ते पुढच्या रांगेतले सोन्याचे व्यापारी देवदत्त.

शर्वाणीचं काळीज झांजेहून जोरात वाजत होतं. आत्ता बोलायचं, नाहीतर कधीच नाही. उद्या सकाळी तिचे सासरे उल्हासराव सुदानमधल्या एका खाणीचं सोनं घ्यायच्या करारावर सही करणार होते. घरी तिने एकदा विषय काढला होता. “सूनबाई, चहा गार होतोय,” एवढंच उत्तर मिळालं होतं. पण नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्याला कुणी मध्येच अडवत नाही. सासराही नाही.

देवा, जीभ अडखळू देऊ नकोस, असं मनात म्हणून तिने झांज खाली घेतली.

“मग ऐका. काळिया अजून गेलेला नाही. या आमच्या शेजारीण यम्ना, सुदानच्या. यांच्या गावाशेजारी सायनाइडच्या टाक्या बांधल्यात. खाणीची माती त्यात भिजवतात. सोनं सुटतं, आणि विष झिरपत ओढ्यात जातं. ते पाणी प्यायलेल्या शेळ्या काठावरच आडव्या झाल्या. आता गावातल्या बायका रस्त्यात बसल्यात. खाणीचे ट्रक आत जाऊ देत नाहीत. यांची म्हातारी मावशी सगळ्यांच्या पुढे, चाकांसमोर. आणि ते सोनं येतं कुठे? इथे, देराच्या बाजारात. तुमच्या दुकानांत. माझ्या घरात.”

शर्वाणीने पुढच्या रांगांवरून नजर फिरवली.

“हाकला म्हणालात ना आत्ता? नारदाच्या गादीसमोर म्हणालात! इथे बोललेला शब्द परत घेता येत नाही, मंडळी!”

पेटीवाल्याची बोटं सुरावर तशीच थांबली. “अहो, हे कीर्तन आहे की मीटिंग?” देवदत्त पुटपुटले. यम्नाला मराठीतलं आपलं नाव तेवढं कळलं होतं. डोक्यावरची ओढणी सावरत ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात उल्हासराव उठले.

ते निघाले की त्यांच्यामागे सगळे व्यापारी निघणार. करार होणार, आणि आपल्याला पुन्हा या गादीवर कुणी उभं करणार नाही. शर्वाणीने पायांचे अंगठे जमिनीवर घट्ट रोवले.

उल्हासराव दाराकडे वळलेच नाहीत. थेट गादीपाशी आले, वाकले, आणि भर हॉलमध्ये त्यांनी सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. वर पाहिलं तेव्हा डोळे ओले होते, पण मिशीत चक्क हसू होतं.

“बुवा,” ते हळूच म्हणाले, “आठवडाभर भिंतीपलीकडून तुमची तालीम ऐकतोय. माझा करार मी दुपारीच सही न करता परत पाठवला.”

मग त्यांनी मान वळवून पुढच्या रांगांकडे पाहिलं. देराच्या बाजारातल्या एकेकाला त्यांनी स्वतः फोन करकरून तिथे आणून बसवलं होतं.

“थांबलात कशाला, बुवा? चढवा आवाज. आता यांचे करार राहिलेत.”