कासवाचा दम

“कासवां तुमी मारल्यात, सायबानू!” आचऱ्याच्या किनाऱ्यावर, वाळूत मेलेल्या कासवापाशी उभा राहून मच्छीमार रॉक गरजला. मोठ्या ट्रॉलरना मोकळं रान देणाऱ्या मत्स्यखात्याच्या साहेबाची मान खाली गेली.

रॉकची नजर मात्र कासवाकडे जाईना. कालच ते त्याच्या जाळ्यात अडकलेलं त्याने पाहिलं होतं. पण कमी प्राणवायूवर तासन्‌तास तगणं कोट्यवधी वर्षांत कासवांच्या जनुकांतच मुरलंय, असं कॉलेजात शिकणारी लेक लविना सांगायची. म्हणून जाळं मासळीने भरेपर्यंत त्याने ओढलंच नाही.



“पण कासवं तर तासन्‌तास दम धरतात ना?” साहेब पुटपुटला. लविना पुढे झाली. “तासन्‌तास दम धरता ता गपचीप पडलेला कासव, पप्पा. जाळ्यात धडपडला काय लगेच गुदमरता. सोडू नको ह्या सायबाक! ईचार, ह्या कोणाच्या जाळ्यात मेला? उत्तर होया!”